बिननावाचं मोरपंखी भांडं

कल्याण पश्चिमेला आमचं भांड्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीवर कुंडलिकराव आहेत. दोन्ही मला वडिलांकडून मिळाली. दुकान माझ्या नावावर झालं, पायरी मात्र अजून कुंडलिकरावांचीच आहे. एकदा मी तिथे प्लास्टिकच्या बादल्या मांडून ठेवल्या, तर ते दिवसभर बादल्यांच्या मागे उभं राहून काम करत होते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की शेठनी बसायला जागा ठेवली नाही. संध्याकाळी बादल्या मीच आत घेतल्या.

भांड्यांवर नावं घालायची, हे त्यांचं काम. पेनाएवढं मशीन, त्याची वायर माझ्या प्लगमध्ये, वीज माझी आणि तोरा त्यांचा. गिऱ्हाइकाने डबा किंवा परात पुढे केली की ते ती मांडीवर घेतात आणि वर न बघता विचारतात, "अक्षरं किती?" गिऱ्हाईक बिचारं बोटांवर मोजून सांगतं. ते चुकीचंच असणार हे गृहीत धरून कुंडलिकराव पुन्हा स्वतः मोजतात. मग मशीन घुरघुरायला लागतं आणि टिंबाला टिंब लागून नाव उमटतं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक भांडं बिघडलं नाही. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण ते दर आठवड्याला सांगतात.

या माणसाला अर्ध्या कल्याणची कुंडली पाठ आहे. कोणाच्या मुंजीत कोणी तांब्या दिला, कोणत्या मामाने घागर कबूल करून वाटीवर भागवलं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. एक परात तर त्यांच्याकडे तीनदा आली. पहिल्यांदा एका आत्याने भाचीला दिली. भाचीने ती नणंदेच्या मुलीला द्यायला आणली आणि जुन्या नावाच्या खाली नवं नाव घाला म्हणाली. तिसऱ्यांदा कोणीतरी अनोळखी बाई तीच परात घेऊन आली, तेव्हा कुंडलिकरावांनी परातीलाच नमस्कार केला आणि म्हणाले, "या, बरेच दिवसांनी आलात." बाई जी गेली ती पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढली नाही. मी रागावलो, तर म्हणाले की नाव घातलेलं भांडं खोटं बोलत नाही, त्याला मी काय करू.

दुसऱ्या एकाचं मेहुण्याशी वाजलं होतं. मेहुण्याचं नाव खरवडून द्या, म्हणून तो पातेलं घेऊन आला. कुंडलिकरावांनी साफ नकार दिला. दिलेलं ते दिलेलं, भांडण झालं म्हणून वरण काय कमी शिजतं का, असं त्यांनी त्याला ऐकवलं. आमच्या धंद्याचं नुकसान करण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही.

बिननावाच्या भांड्याला ते बेवारशी म्हणतात. आणि गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या घरातली सगळी भांडी बेवारशी. शहाडला त्यांच्याकडे मी जेवायला गेलोय. वाटीपासून पिंपापर्यंत एकावरही अक्षर नाही. त्यांच्या बायकोने, रतनवहिनींनी, मला वाढता वाढता सांगितलं की दिवसभर मशीन धरून यांचा हात घरी येईपर्यंत बधीर होतो, मग म्हणतात उद्या घालू. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, उद्या काही उजाडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या काही वर्षांत नावांचं काम ओसरत चाललं. आता लोकांना भांड्यावर काही नको असतं. गिफ्ट द्यायची तर पुढच्याला ती आणखी पुढे ढकलता आली पाहिजे, हा हिशेब. कुंडलिकराव तासन्‌तास मशीन पुसत बसायचे. त्यातच मी दुकानात ती रंगीत भांडी आणली. बिडाची, वरून आतून इनॅमल चढवलेली, जाडजूड झाकणाची. आमच्या आज्यांकडे बिडाचा तवा असायचाच. पण तो काळा, आणि कोणी आलं की ओट्याखाली सरकवायचा. हे पिवळंजर्द किंवा डाळिंबी भांडं उलट कोणी आलं की बाहेर काढायचं असतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून लोक गाड्या काढून, दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून आमच्याकडे ते घ्यायला येऊ लागले.

या खरेदीइतकी करमणूक मी दुसरी पाहिली नाही. बायका मोबाइलमध्ये स्वयंपाकघराच्या टाइल्सचे फोटो घेऊन येतात आणि भांडं फोटोशेजारी धरून बघतात. आत काय शिजणार हा विषय निघतच नाही. नवरे भांडं उचलतात, लगेच खाली ठेवतात आणि विचारतात की रिकामं एवढं जड, तर भरल्यावर कोण उचलणार. या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. कुंडलिकरावांकडे होतं. "ते भांडं नाय, पाहुणा आहे," ते पायरीवरून म्हणायचे. "एकदा येऊन बसला की हलायचा नाय."

त्यांचा या भांड्यांवर पहिल्या दिवसापासून राग. कारण त्यावर नाव घालता येत नाही, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. इनॅमल म्हणजे लोखंडावर भट्टीत भाजून बसवलेली काच. त्यावर ठोकाठोकी केली तर टवका उडतो. पण दुसरं काम नसल्यामुळे हळूहळू कुंडलिकरावच त्या भांड्यांची माहिती सांगायला लागले. रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवू नका. आच मंद ठेवा, बिडाला घाई चालत नाही. गरम भांड्यावर गार पाणी ओतू नका. उलथनं लाकडाचं वापरा, तारेची घासणी लांब ठेवा. आंबट घाला बिनधास्त, हे साध्या बिडासारखं काळं पडत नाही. कंपनीच्या माणसापेक्षा ते छान सांगायचे. निदान दोनशे गिऱ्हाइकांना त्यांनी डोळे वटारून बजावलं असेल की हा रंग नाही, काच आहे, जपून. आणि गिऱ्हाईक वळलं की मला हळूच म्हणायचे की काच कसली, रंगच आहे, कंपन्या काहीही सांगतात.

मग त्यांच्या प्राचीचं लग्न ठरलं.

प्राची त्यांची एकुलती एक. घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरी, मुलगा सौमित्र त्याच ऑफिसातला, आणि तिथेच एका टॉवरमध्ये भाड्याचं घर. कुंडलिकरावांनी तिच्यासाठी माझ्याकडे स्टीलचा अख्खा संसार बाजूला काढून ठेवला होता. डबे, पराती, ताटं, पिंप. मशीनला नवी सुई आणली होती. सगळ्यावर काय लिहायचं ते कागदावर आधी लिहून, अक्षरं मोजून झाली होती. प्राचीने तो ढीग पाहिला आणि म्हणाली की पप्पा, एवढं ठेवायला घरात जागा नाही, आणि खरं सांगू का, मला एकच भांडं द्या. यातलं रंगीत.

ते एक भांडं निवडायला तिने तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी डाळिंबी, पण सौमित्रच्या आईचा मिक्सर त्याच रंगाचा होता. दुसऱ्या रविवारी आंबा रंग, तो हळदीचे डाग कळणार नाहीत म्हणून आवडला आणि हळदीचे डाग कळणार नाहीत म्हणूनच रद्द झाला. तिसऱ्या रविवारी तिने मोरपंखी भांड्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. पाच माणसांची उसळ मावेल एवढं, झाकणावर स्टीलची गोल मूठ. त्या रंगातलं ते शेवटचंच. कुंडलिकरावांनी ते मांडीवर घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवलं आणि कडेखाली, कानाच्या डाव्या अंगाला, जिथे ते नेहमी नाव घालतात, तिथे अंगठा फिरवला.

प्राचीने ते बघितलं. "पप्पा, एक सांगते," ती म्हणाली, "त्याच्यावर नाव घालायचं नाही. काहीच नाही. प्रॉमिस करा."

त्यांनी भांडं मांडीवरून उतरवलं. ती गेल्यावर त्यांनी मशीनची वायर गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. मला त्यांची दया आली आणि रागही आला. अहो, पोरगी एक भांडं मागते आहे, द्या आणि मोकळे व्हा. पण ते म्हणाले, "मुकुल, लोकांच्या पोरींच्या संसारात माझं अक्षर आहे. माझ्या पोरीच्या घरात मी कुठंच नसणार का?" इतकं सरळ विचारलं की मला पटकन चेष्टा सुचली नाही. एरवी ते मला शेठ म्हणतात. मुकुल म्हणाले की समजायचं, दुखलंय.

लग्नाला चार दिवस होते. दुपारी मी जेवायला घरी गेलो आणि परत आलो तर पायरीवर शांतता. मशीन बंद. मोरपंखी भांडं त्यांच्या मांडीवर, आणि ते त्याच्याकडे असे बघत होते जसं भांडंच त्यांच्याशी भांडून गप्प बसलंय. मी वाकून पाहिलं. कडेखाली, कानाच्या डाव्या अंगाला, मसुरीच्या डाळीएवढा टवका उडाला होता. मोरपंखी रंगात एक काळं टिंब.

"काचच आहे," ते म्हणाले.

दोनशे लोकांना सांगून झाल्यावर त्यांना हे कळलं. मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते खोकल्यावर निभावलं. चाळीस वर्षांत न बिघडलेलं भांडं बिघडलं होतं आणि तेही नेमकं हे. मी म्हटलं, दुसरं मागवतो, दोन आठवड्यांत येईल. ते म्हणाले, लग्न रविवारी आहे. मी म्हटलं, मग तिला सांगून टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गल्ल्यावर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने ते भांडं पिशवीत घालून कुठेतरी गेले. तासाभराने परतले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताच्या पाचही नखांना नेलपॉलिश होतं. पाच नखं, पाच छटा. बाजारात बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी मोरपंखी नेलपॉलिश मागितलं होतं. तिथल्या सोनल नावाच्या मुलीने कोणासाठी म्हणून विचारलं. भांड्यासाठी म्हणायची लाज वाटली म्हणून ते स्वतःसाठी म्हणाले. तिने अजिबात आश्चर्य न दाखवता त्यांचा हात पुढे ओढून घेतला आणि एकेक छटा लावून दाखवली. करंगळीवरची जुळली. ती बाटली घेऊन ते आले, चष्मा कपाळावर सरकवून, जीभ दातात धरून त्यांनी टवका भरला. हात त्यांचा, त्यामुळे काम झकास झालं. मलासुद्धा जागा शोधावी लागली. नखं मात्र तशीच राहिली, कारण ते पुसायचं वेगळं पाणी असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. लग्नात अक्षता टाकताना माझं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. कोणीतरी पाहुण्याने विचारलंच. कुंडलिकराव म्हणाले की आमच्याकडे पद्धत आहे.

पुढे दोन आठवडे ते सुखात होते. प्राचीने भांडं ओट्यावर दर्शनी ठेवलंय, सासूबाईंनी कौतुक केलंय, अशा बातम्या मला रोज मिळत होत्या. नाव नाही तर नाही, निदान कानाच्या डाव्या अंगाला आपला हात फिरलाय, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं होतं. मी विचारलं, तिने त्यात अजून शिजवलं काय. ते म्हणाले, अजून फक्त फोटो काढलेत. मी मनात म्हटलं, देव करो आणि फोटोच काढत राहो.

तिसऱ्या शनिवारी प्राची भांडं घेऊन दुकानात आली. घोडबंदरहून ते ओझं बसमधून आणल्यामुळे आधीच तापलेली. तिने ते फडक्यातून सोडवून काउंटरवर ठेवलं. सासूबाईंच्या माहेरची माणसं जेवायला होती, तिने वालाचं बिरडं टाकलं होतं. भांडं तापलं, आणि सगळे ओट्याभोवती उभे असताना रंगाला फोड आला, वास सुटला आणि याच फडक्याने पुसायला गेली तर रंग फडक्यावर. बिरडं चांगलं झालं होतं, पण जेवताना सगळे पोटात रंग गेला का याचीच चर्चा करत होते.

"मुकुलकाका, पीस डिफेक्टिव्ह आहे," ती म्हणाली. "पप्पांना काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. पण कंपनीला सांगा ना."

पप्पा तिच्या पाठीमागेच पायरीवर होते. मशीन थांबलं होतं. मला खोटं बोलणं काही जड नव्हतं. दुकानदारीत तीस वर्षं काढली आहेत. हो, येतात असे पीस कधी कधी, बदलून देतो, एवढंच म्हणायचं होतं. कंपनीचं नाव जरा खराब झालं असतं, कुंडलिकरावांचं राहिलं असतं. मी तोंड उघडलंही.

"कंपनीचा दोष नाय," कुंडलिकराव उठून आत आले. "मी केलंय ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपार, मशीन, टवका, नेलपॉलिश. करंगळी पुढे करून दाखवली, तिच्यावर अजून रंगाचा एक तुकडा चिकटून होता. चाळीस वर्षांत पहिलं भांडं बिघडलं, हेही सांगितलं, पण या वेळी त्यात तोरा नव्हता. प्राची ऐकत होती. करंगळी पाहून तिचं तोंड हसल्यासारखं झालं, पण लगेच ती गंभीर झाली.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"का म्हटलं, ते विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. आम्हाला दोघांना वाटलं होतं की हल्लीच्या पोरी, यांना नावाची लाज वाटते. प्राचीने भांड्याचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

"दुसरीत असताना मी तुम्हाला डबा दिलेला, नाव घालायला. तुम्ही म्हणालात, उद्या. चौथीपर्यंत रोज उद्या. शाळेतल्या अर्ध्या पोरांच्या डब्यांवर तुमचं अक्षर होतं, पप्पा. मी ओळखायचे. जेवायच्या सुट्टीत बाजूच्या मुलीच्या डब्यावर हात फिरवायचे. आणि माझा डबा हरवला, तेव्हा बाई मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, नाव नको का घालायला. तेव्हाच मी ठरवलेलं, आता नको म्हणजे नकोच."

मी हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. कुंडलिकरावांना त्या डब्याची आठवणही नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. गावातली परात कोणाकडून कोणाकडे गेली हे पाठ असणारा माणूस, पोरीचा डबा विसरला होता.

शेवटी मी वही मिटली. मग मी आपलं दुकानदारासारखं म्हणालो की टवका बाहेरून आहे, आतली काच शाबूत आहे, तेलाचा हात फिरवत राहिलं की गंजणार नाही, नाहीतर मी दुसरं मागवतोच. प्राची म्हणाली की दुसरं नको. आता हेच असू दे.

कुंडलिकराव भांड्याकडे बघत होते. त्यांनी झाकण उचललं, उलटं केलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी न विचारता स्क्रूड्रायव्हर दिला. त्यांनी झाकणाची मूठ सोडवली. स्टीलची, पेढ्याएवढी. काच नाही, रंग नाही, साधं त्यांच्या ओळखीचं स्टील. ती घेऊन ते पायरीवर जाऊन बसले, मूठ गुडघ्यांमध्ये फडक्यात धरली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सवयीने, वर न बघता, म्हणाले, "अक्षरं किती?"

प्राची त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "तुम्हीच ठरवा," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नसावं. त्यांनी मुठीच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग मशीन सुरू झालं. मधे दोन गिऱ्हाइकं नाव घालायला आली, त्यांना त्यांनी मान न उचलता सांगितलं, उद्या. मी आतून बघत होतो. एवढी बारीक टिंबं त्यांनी कधी मारली नसतील. मधेच हात बधीर व्हायचा, ते बोटं झाडायचे, पुन्हा धरायचे. प्राचीने चहा मागवला, तो गार होऊन गेला.

काम झाल्यावर त्यांनी मूठ फडक्याने पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. गोल मुठीच्या कडेने फिरत गेलेलं नाव होतं, वाचायला मूठ फिरवावी लागत होती. मी काउंटरवरून वाकून वाचलं. चिरंजीव नाही, विवाहप्रीत्यर्थ नाही, यांजकडून नाही. नुसतं होतं: प्राचीस, जरा उशीर झाला, पप्पा.

प्राचीने दोनदा मूठ फिरवली. भांडं गुंडाळून आणलेल्या, नेलपॉलिश लागलेल्या फडक्याने डोळे पुसले, त्यामुळे गालावर मोरपंखी रंगाचा एक कण चिकटला. तो तिला आम्ही दोघांनीही सांगितला नाही. मग नाक ओढत, भांड्यांच्या बाजारात वाढलेल्या पोरीने विचारावं तसं तिने विचारलं, "तारीख घातली नाहीत?"

कुंडलिकराव मूठ झाकणावर बसवत होते. स्क्रू घट्ट करून ते म्हणाले, "तारीख घातली की लोकांना कळतं, किती उशीर झाला ते."